कुऱ्हाडीचं चित्र

कडी बाहेरून होती. जिपारला आधी ती दिसली, मग वास आला.

ओल्या लोकरीचा, नासलेल्या दुधाचा आणि मुताचा असा तो मिसळलेला वास होता. दार उघडणारा एसेनगुल मात्र नवा गोठा दाखवायला निघाल्यासारखा खुशीत होता.

"बघा एजे, तुमच्या कागदात होतं तसंच सगळं केलंय," तो म्हणाला. जिपार त्याच्याहून चार वर्षांनीच मोठी, पण थोरली बहीण मानून तो तिला एजे म्हणायचा. "चुलीपाशी जाऊ देत नाही, हातात सुरी देत नाही, एकटीला बाहेर सोडत नाही. कडी मी स्वतः बसवलीय. हलवून बघा, जराही खिळखिळ नाही."

जिपारने कडी हलवून पाहिली नाही. 

आत एसेनगुलची आई उम्सुन खाटेवर बसली होती. वयस्क बाईला मानाने अपा म्हणतात, तशी ती सगळ्यांची उम्सुन अपा. तीन उन्हाळ्यांपूर्वी जिपार पहिल्यांदा या सारीबेल गावात आली, तेव्हा याच बाईने तिला घोडीचं आंबवलेलं दूध वाडगाभर पाजलं होतं आणि वर विचारलं होतं, "लोकांचे मेंदू बघत फिरतेस, स्वतःसाठी नवरा कधी बघणार?" आज तिच्या गळ्यात लहान मुलाला बांधतात तसं लाळेरं होतं. त्यावर पेजेसारखं काहीतरी सुकून चिकटलेलं.

"आलीस?" अपा म्हणाली. "माझं डोकं नेलं होतंस ना शहरात, ते परत आणलंस का?"

एसेनगुल हळूच जिपारच्या कानाशी लागला. "ऐकलंत? दिवसभर असंच काहीबाही बोलते." मग तो बाहेरच्या खोलीत गेला.

जिपार बिश्केकच्या एका संस्थेत मेंदूवर काम करायची. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडतं, हे शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नव्या विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, मेंढरू कुठं बांधलं हे विसरणं म्हणजे म्हातारपण. मेंढरू कशासाठी पाळतात हे विसरणं म्हणजे आजार. म्हातारपण सगळ्यांना येतं, अल्झायमर सगळ्यांना होत नाही. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी पहिली चाळणी म्हणून ती चित्रं वापरायची. एकेक चित्र दाखवायचं आणि विचारायचं, हे काय आहे? आजार झालेल्या माणसाला वस्तू ओळखू येते, पण तिचं नाव जिभेवर येत नाही. मग तो म्हणतो, ते पाणी प्यायचं, ते डोक्यावर घालायचं.

सारीबेलच्या म्हाताऱ्या बायका अगदी तसंच बोलल्या होत्या. एकीमागून एक. विद्यार्थ्यांनी उत्तरं नोंदवली, चूक की बरोबर एवढीच. पुरुषांची उत्तरं ठीक आली आणि बायकांची घसरली. संस्थेचे संचालक प्रोफेसर कुबान अस्कारोविच खुर्चीतून उठून नाचायचे तेवढे बाकी राहिले होते. "असं गाव जगात दुसरं नाही!" ते म्हणाले होते. जिपारने त्यांना सांगितलं होतं की ही नुसती चाळणी आहे, चाळणीवर राहिलं ते सगळं खडेच असतं असं नाही, आता एकेकीला नीट तपासायला हवं. "तपासू की," ते म्हणाले, आणि घरोघरी कागद गेले: स्मृतिभ्रंश, पुढची पायरी, काळजी घ्यावी. कागदावर त्यांची सही होती. खाली जिपारचीही होती.

आज ते स्वतः आले होते. उद्या तालुक्याच्या गावी त्यांच्या स्मृतिकेंद्राचं उद्घाटन होतं आणि टीव्हीवाले येणार होते. आईचा आजार वेळेवर सांगितला म्हणून एसेनगुलने त्यांच्यासाठी मेंढा कापला होता. बाहेरच्या खोलीत गाद्यांवर रेलून ते शेजारच्या अब्दिश म्हाताऱ्याशी गप्पा मारत होते. त्यांचं हसू भिंतीतून आत येत होतं.

"अपा, जरा चित्रं बघूया का?" जिपार म्हणाली.

"बघू की. इथं दुसरं बघायला आहे तरी काय? भिंत पाठ झालीय माझी."

जिपारने पिशवीतून पुठ्ठ्याची चित्रं काढली. टोपी, मांजर, चंद्र, किटली. अपाने पटापट नावं सांगितली. मग कुऱ्हाड आली. अपा थांबली.

"तोडायचं ते," ती म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

"तोडायचं. लाकडं तोडायचं."

मग गरुड आला. "वरून झडप घालणारा." मग कमची, घोड्याचा चाबूक. "घोडा हाणायची."

तीन उन्हाळ्यांपूर्वीची हीच उत्तरं जिपारला आठवली. अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. तिला ते खटकलं. हा आजार एका जागी थांबत नाही. वाळवीसारखा तो पुढे सरकत राहतो. एवढ्या काळात चंद्र आणि किटलीही जायला हवी होती.

तेवढ्यात दारातून काल्बुबु आत आली. ही अपाची नणंद, अपाच्या मेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. विधवा झाल्यावर माहेरी परत आली, ती इथलीच होऊन गेली. संस्थेच्या तपासणीत तिची सगळी उत्तरं बरोबर आली होती, म्हणून घरातलं चूलपाणी आणि नातवाला सांभाळणं आता तिच्याकडे होतं. तिच्या कडेवर ते दोन वर्षांचं पोर होतं.

"अगं बाई, कोण आलंय!" ती जिपारला म्हणाली. "कधी आलीस?"

"आत्ताच, अपा."

"चित्रं? मलापण दाखव."

जिपारने कुऱ्हाड पुढे धरली.

"बाल्ता!" काल्बुबु म्हणाली. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. "माझ्या बापाचं नावच बाल्ताबाय. पुढचं दाखव. हा बुर्कुत, गरुड. आमचा थोरला भाऊ बुर्कुतबाय गरुडासारखाच होता, नाकसुद्धा तसंच. आणि ही कमची. कमचीबेक माझा धाकटा, हिचा नवरा. अल्लानं लवकर नेला त्याला." मग तिने जिपारकडे निरखून पाहिलं. "अगं बाई, कोण आलंय! कधी आलीस?"

 जिपार उम्सुन अपाकडे पाहत होती. सासऱ्याचं नाव निघालं तेव्हा अपाने डोक्यावरचा रुमाल ओढून तोंडावर घेतला होता. दिराचं निघालं तेव्हा मान खाली घातली होती. नवऱ्याचं निघालं तेव्हा भिंतीकडे वळली होती.

जिपारची आई शाळेत शिकवायची, घरात सगळे रशियन बोलायचे, तरीही तिने थोरल्या दिराचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही. "तो चष्मेवाला" म्हणायची. जिपारला वाटायचं, आईची गंमत असेल. सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही; त्या नावाची वस्तू असेल तर तिलाही दुसरं काहीतरी म्हणते. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा मिळाले असते. पण पुठ्ठ्यावरच्या कुऱ्हाडीशी त्याचा संबंध तिने कधी लावलाच नव्हता. आणि गावात घरोघरी अशीच वस्तूंची, पशुपक्ष्यांची नावं होती.

मेंदूचा कुठला आजार माहेरवाशिणींना सोडून फक्त सुनांना धरतो?

"अपा," जिपार म्हणाली, "तेव्हाच सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगायला नाव घ्यावं लागलं असतं," रुमालाआडून अपा म्हणाली. "आणि तू काय जर्मनीहून आलीस होय? आपलीच पोर. मला वाटलं, तुला कळत असेल. चित्रं चुकल्याबद्दल कडी लावतात, हे मला कुठं ठाऊक?"

"आणि कोंडल्यावर?"

"कोंडल्यावर रडले. लेक म्हणाला, बघा, रडते. मग चिडले. तर म्हणाला, बघा, चिडते. मग गप्प बसले. तर सुनेला म्हणतो, आता बोलणंही गेलं. एकदा वेडी ठरवली की बाई शिंकली तरी वेडेपणाच."

"कधी आलीस गं?" काल्बुबुने जिपारला विचारलं.

खरी आजारी ही होती. जुनी नावं तिच्या तोंडात शाबूत होती, कारण ती सगळ्यात शेवटी जातात. आताची घटका मात्र तिच्या हातून निसटून चालली होती. चाळणीने तिला धान्य म्हणून खाली सोडलं आणि चांगल्या धान्याला खडा म्हणून उचललं. आणि घरची चूल तिच्या हाती होती.

जिपार बाहेर आली. तिच्या मागे काल्बुबुही पोराला घेऊन चुलीकडे गेली आणि एसेनगुलने सवयीने कडी लावली. कुबान अस्कारोविच अंगणातल्या नळापाशी होते. ते जेवणाआधीचे कणकेचे तळलेले बोर्सोक खाऊन आले होते. हनुवटीवर तेल चमकत होतं आणि काडीने ते दात कोरत होते. जिपारने त्यांना सगळं एका दमात सांगितलं.

ते काडी न काढताच हसले. "मग?"

"मग म्हणजे? सगळा अभ्यास चुकलाय! या बायका ठणठणीत आहेत."

"जिपार, तू शहरात वाढलीस. मी अशाच गावात वाढलो. माझ्या आईच्या दिराचं नाव तुझबाय होतं. तुझ म्हणजे मीठ. माझी आई आयुष्यभर मिठाला 'खारं' म्हणाली." त्यांनी काडीचं टोक पाहिलं, पुसलं, पुन्हा तोंडात घातलं. "मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं."

जिपारला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चित्रं आपण काढलेली नाहीत. नियम आपण केलेले नाहीत. नाव सांगितलं तर बरोबर, नाही सांगितलं तर चूक. मी नियम पाळला. त्यातून सारीबेल जगाला माहीत झालं. आणि उद्या काय सांगू टीव्हीवर? की डोंगरातल्या म्हाताऱ्या म्हाताऱ्या आहेत?" त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला आणि उबदार होता. "एका गावाचा प्रश्न. शे-दीडशे म्हाताऱ्या. तशाही किती दिवस राहणार?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं ऐकलं होतं. खाणारा दात कोरत कोरत तसं म्हणताना दिसतो कसा, ते जिपारने आज पाहिलं. तिने खांद्यावरचा हात झटकला नाही, याचीही तिला किळस आली. वर्षानुवर्षांची सवय होती ती. वरिष्ठांचा हात झटकायचा नसतो.

"चल, जेवण थंड होईल," ते म्हणाले.

जेवणाचा कपडा, दस्तरखान, अंथरलेला होता. एसेनगुलची बायको मिरगुल चहा ओतत होती. मेंढ्याचं उकडलेलं डोकं ताटात घालून एसेनगुलने ते दोन्ही हातांनी मोठ्या पाहुण्यापुढे ठेवलं. कुबान अस्कारोविचनी बाह्या सारल्या, सुरी घेतली आणि सराईतपणे मांस सुटं करू लागले. बोटं चाटत चाटत ते सांगत होते, मेंदू ही केवढी नाजूक गोष्ट, तिची कशी निगा राखावी. एसेनगुल तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

मग त्यांनी एक कान कापला आणि जिपारपुढे धरला.

"कान घरातल्या लहानांना देतात," ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "मोठ्यांचं ऐकावं म्हणून. घे, पोरी."

अब्दिश म्हातारा खो खो हसला. जिपारच्या तळहातावर तो कान आला, कोमट, बुळबुळीत, कडेला चार केस राहून गेलेला. भिंतीपलीकडे अपा एकदा खोकली. खोकला ऐकून कुणी मान वळवली नाही. जिपारने कान ताटात परत ठेवला.

"मिरगुल," ती म्हणाली, "दाराशी खुंटीला ते काय लटकतंय?"

मिरगुलने वळून पाहिलं. खुंटीला कमची होती. "ते... घोड्यासाठीचं आहे, एजे."

"नाव काय त्याचं?"

"हाणायचं असतं ते." मिरगुल लाल झाली. रुमालाचं टोक तिने दातांत धरलं.

"अहो डॉक्टरबाई, काय गरिबाच्या सुनेला छळता?" अब्दिश म्हणाला. "सासऱ्याचं नाव होतं ते. तिच्या तोंडून कसं निघेल?"

"मग कुबान अस्कारोविच," जिपार म्हणाली, "हिचा मेंदू किती गेला म्हणायचा? एक चित्र चुकलं. हिच्यासाठी कडी आज बसवायची की उद्या, उद्घाटनानंतर?"

आधी कुणी तरी हसलं. मग कुणीच हसेना.

"पोरगी दमलीय," कुबान अस्कारोविच म्हणाले. "प्रवास झालाय."

"एसेनगुल, माझ्याकडे बघ. आम्ही तुझ्या आईला तीन गोष्टींची नावं विचारली. तुझ्या आजोबांचं नाव, तुझ्या काकाचं नाव आणि तुझ्या बापाचं नाव. तिने ती घेतली नाहीत. एवढंच. तिला आजार नाही. कागदावर माझी सही आहे आणि मी चुकले. पण हे चुकले नाहीत. यांना ठाऊक होतं. यांची स्वतःची आई मिठाला 'खारं' म्हणायची, आत्ताच नळापाशी मला सांगितलं यांनी."

एसेनगुलने प्रोफेसरांकडे पाहिलं. कुबान अस्कारोविच डोक्यातलं मांस काढण्यात गुंतले होते. "विज्ञान इतकं सोपं नसतं, बाळा," ते म्हणाले. "तू कुणाचं ऐकणार? माझं, की कालच्या पोरीचं?"

"पण ती ओरडायची," एसेनगुल पुटपुटला. "दार बडवायची. शहाणं माणूस असं करतं?"

"तुला आठवडाभर कोंडते," जिपार म्हणाली. "बघू किती शहाणा राहतोस."

 एसेनगुल उठला.  आत कडीचा आवाज झाला.

उम्सुन अपा बाहेर आली ती पाहुण्यांकडे न बघता थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथं काल्बुबु उकळत्या किटलीचं झाकण उघड्या हाताने उचलायच्या बेतात होती, आणि पोर तिच्या पायाशी घुटमळत होतं. अपाने किटली बाजूला सारली, पोराला उचललं, आणि मग मागे वळली.

"हिच्यासाठी ओरडत होते मी," ती लेकाला म्हणाली. "दूध करपलं, पोर भाजेल, नणंदबाईंना एकट्या सोडू नका, असं ओरडत होते. वास भिंतीतून येत होता मला. कुणी ऐकलं?"

मिरगुल धावत येऊन पोराला घेऊन गेली. एसेनगुलचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने आत्याकडे पाहिलं, मग जिपारकडे.

"म्हणजे एजे, आजारी आत्या आहे?"

"तपासावं लागेल. पण हो, मला तसं वाटतं."

"मग कडी..." तो चाचरला, "कडी आता आत्याच्या खोलीला लावू?"

जिपारला मघाशी अंगणात कुबान अस्कारोविचबद्दल वाटली नव्हती तेवढी शिसारी या साध्या, आज्ञाधारक प्रश्नाची वाटली. त्याला हे शिकवणारी तीच होती.

"कुणालाच कडी लावायची नाही," ती म्हणाली. "तुझी आई खरंच आजारी असती, तरी लावायची नव्हती. आजारी माणसाजवळ बसायचं असतं. ती दहा वेळा विचारेल कधी आलात म्हणून, तर दहा वेळा सांगायचं."

"कधी आलीस गं?" काल्बुबु म्हणाली.

"आत्ताच आले, नणंदबाई," उम्सुन अपाने उत्तर दिलं. गळ्यातलं लाळेरं तिने ओढून काढलं आणि मग पहिल्यांदा पाहुण्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, तुमची आई मिठाला खारं म्हणायची, असं ऐकलं भिंतीतून. तिला कुठल्या खोलीत ठेवलं होतं तुम्ही?"

कुबान अस्कारोविचनी सुरी ठेवली आणि हात पुसले. एकेक बोट पुसलं. ते उठले तेव्हा पोचवायला कुणी उठलं नाही. असं या घरात कधी झालं नसेल. दारापाशी ते जिपारला हळू आवाजात म्हणाले, "संस्थेत परत येऊ नकोस. तुझं एक वाक्यही कुठं छापून येणार नाही, ते मी बघतो." मग त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. उद्या ते टीव्हीवर बोलणारच होते. टीव्हीवर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

"तुझी नोकरी गेली वाटतं," अपा म्हणाली.

"गेली."

"झैनेपच्या दारालाही कडी आहे, भिंतीतून ऐकलंय मी. खालच्या आळीत सोनुनच्या. तिला तर हात बांधून ठेवतात, लघवीचं कापड सोडते म्हणून." अपा दाराशी बसून बूट घालू लागली. कित्येक महिन्यांत पायांना बुटांची सवय राहिली नव्हती. ते आत जाईनात. एसेनगुल खाली बसून मदत करायला गेला, तर तिने त्याचा हात बाजूला केला. "माझे पाय मला सापडतात. तू जाऊन आत्याजवळ बैस."

दोघी बाहेर पडल्या. ऊन होतं. पाटाच्या कडेने जाताना जिपारला एकाएकी पुढे चालवेना. ती गुडघ्यांवर बसली आणि पोटात होतं ते सगळं तिने बाहेर टाकलं, चहा, बोर्सोक, आणि नंतर नुसतं पिवळं पाणी. अपा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"अजून आहे?"

जिपारने मान हलवून नाही म्हटलं.

"मग तोंड धू," अपा म्हणाली. "आणि चल. झैनेपचा लेक दुपारनंतर मेंढरांकडे जातो. तो घरात आहे तोवर गाठायला हवा."